खाली पाच, वर एक

रत्ना भामरे पहिल्या खेपेला खांबावर भराभर चढली आणि शेवटच्या दोन फुटांत अडकली.

धुळ्याला वीज कंपनीच्या आवारात अकरा डिसेंबरला ही चाचणी होती. खांब लोखंडी गर्डरचा, आठ मीटर उंच. त्याच्या टोकाशी तारा बसवायची आडवी लोखंडी पट्टी असते, तिला क्रॉस आर्म म्हणतात. उमेदवाराने खांबावर चढायचं, ती पट्टी दोन्ही हातांनी धरायची, अंग उचलून कंबर पट्टीच्या वर आणायची, कमरेचा पट्टा खांबाला अडकवायचा आणि एक हात वर करून दाखवायचा. वेळ आठ मिनिटं. रत्ना तीन मिनिटांच्या आत पट्टीपाशी पोचली. पट्टी खांबाच्या पुढे आलेली असते, त्यामुळे तिथे पायांचा आधार सुटतो आणि सगळं वजन हातांवर येतं. ती लोंबकळली. खालून कोणी तरी "ओढ, ओढ" म्हणालं. तिचे हात सरळ होते ते सरळच राहिले. थोड्या वेळाने तिने पाय पुन्हा खांबाला लावले आणि जशी चढली तशी उतरली. चाचणी घेणाऱ्या साहेबांनी शेरा लिहिला, शारीरिक क्षमता अपुरी.

मी पिंपळनेरच्या उपविभागात आस्थापनेचं काम पाहतो, म्हणून तिची कागदपत्रं घेऊन बरोबर गेलो होतो. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. साक्री मागे पडल्यावर तिने विचारलं, "भाऊसाहेब, दंडात जोर कशाने येतो?"

मी बी.कॉम. झालेला माणूस. म्हटलं, "निंबा नानाला विचारू."

तिचा नवरा ईश्वर आमच्याकडे वायरमन होता. ऑगस्टमध्ये पाच दिवसांच्या तापात गेला. वय एकतीस. मूलबाळ नव्हतं. कार्यालयाच्या मागच्या क्वार्टरमध्ये मागे राहिल्या दोघी, रत्ना आणि तिची सासू वच्छलाबाई. अनुकंपा तत्त्वावर रत्नाला नोकरी मिळू शकत होती. बारावी झालेली होती, वय सत्तावीस. मी तिला समोर बसवून दोन्ही वाटा समजावल्या होत्या. कार्यालयातली जागा हवी तर प्रतीक्षा यादीत बावीस नावं पुढे आहेत, किती वर्षं लागतील सांगता येत नाही. तारांवरच्या कामाची जागा आत्ता रिकामी आहे, पण खांबाची चाचणी द्यावी लागते आणि तिला दोनच संधी असतात.

"लवकर कोणती मिळेल?" तिने विचारलं.

"खांबाची."

"मग ती लिहा."

तिने एवढाच विचार केला. त्या दिवसांत ती अशीच होती. चहा पुढे ठेवला तर प्यायची, नाही ठेवला तर मागायची नाही. ईश्वरच्या दहाव्याला बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या, तेव्हा ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. पुढे बायकाच म्हणू लागल्या की हिला काही वाटत नाही. मी रोज दोन वेळा तिच्या दारावरून जातो. तिला काय वाटत होतं ते मला सांगता येणार नाही.

नोकरी मिळाली नाही तर काय होणार ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. क्वार्टर सोडावं लागणार. रत्नाला तिचा भाऊ जगदीश भडगावला घेऊन जाणार. वच्छलाबाईचा भाचा जळगावला डाळमिलमध्ये कामाला, एका खोलीत पाच माणसं. ती तिकडे जाणार. दोघी यावर एकमेकींशी बोलल्या असतील असं मला वाटत नाही.

निंबा नाना आमचाच निवृत्त वायरमन, सदुसष्ट वर्षांचा. ईश्वरला खांबावर चढायला त्यानेच शिकवलं होतं. त्याने कार्यालयामागे सरावाच्या दोन खांबांमध्ये पाण्याचा जुना पाइप आडवा बसवून घेतला आणि रत्नाला खाली उभं केलं.

"लटक."

"किती वेळ?"

"हात सुटतीन तोवर."

अकरा मोजून झाले आणि हात सुटले.

"मनी म्हैस लटकाडी तं ती बी पंधरा काढी," नाना म्हणाला. "उद्या परत ये."

शाळेत या प्रकाराला पुलअप म्हणतात, भरतीची मुलं बीम म्हणतात. नाना नुसतं 'अंग उचलणं' म्हणायचा. त्याचा हिशेब साधा होता. ताज्या हातांनी जमिनीवर एकदा अंग उचललं म्हणजे खांबावर जमेल असं नाही, कारण आठ मीटर चढून गेल्यावर हातात निम्मासुद्धा जोर उरत नाही. "खाली पाच निघाले तर वर एक निघतो," तो म्हणायचा. "चार निघाले तर देवाच्या मर्जीवर."

पहिला महिना ती फक्त लटकली. जानेवारीत पूर्ण मिनिटभर लटकू लागली तेव्हा नानाने केबलचा लाकडी रिकामा ड्रम पाइपाखाली आणून ठेवला. ड्रमावर चढायचं, हनुवटी पाइपाच्या वर असताना पाय सोडायचे आणि अंग हळूहळू खाली येऊ द्यायचं, दहा मोजेपर्यंत. "चढता येत नसंल तर उतरायला शीक. उतरताना बी दंडाला तेवढंच काम पडतं." पहाटे साडेपाचला हे चालायचं. दिवसा कार्यालयात लोकांची वर्दळ, तिथे बाई पाइपाला लटकलेली पाहायला गर्दी झाली असती. चहाच्या टपरीवर तसंही बोलणं चालूच होतं.

वच्छलाबाईला यातलं नीट माहीत नव्हतं. सून पहाटे उठून नानाकडे काही शिकायला जाते एवढं तिला ठाऊक होतं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, अजून उजाडलेलं नसताना, आमच्या ऑपरेटरची बायको लताबाई नळावर पाण्याला निघाली. भिंतीपलीकडे तिला दिसलं ते एवढंच, की आडव्या पाइपाखाली एक बाई लोंबकळते आहे आणि तिचे पाय जमिनीपासून वर आहेत. ती कळशी टाकून वच्छलाबाईच्या दाराकडे धावली.

"वच्छलाबाई, वं वच्छलाबाई, तुनी व्हऊनी फाशी लिधी वं."

मीही ओरडा ऐकून बाहेर आलो. वच्छलाबाई अनवाणी, डोक्यावर पदर नाही, अशी भिंतीला वळसा घालून पळत होती. साठीची बाई, गुडघे दुखणारी. मी तिला गाठू शकलो नाही. आम्ही पोचलो तेव्हा रत्ना पाइपाला दोन्ही हातांनी धरून सावकाश खाली येत होती आणि तोंडाने मोजत होती. सात, आठ, नऊ. दहा झाल्यावर तिने पाय टेकवले.

"काय झालं, माय?" तिने विचारलं.

वच्छलाबाईला दम लागला होता. तिने सुनेचे हात पाहिले, पाइप पाहिला. "काही नही," ती म्हणाली. "तू कर."

मागून लताबाई येऊन पोचली. "अंधारामा माले काय दिसी? पाय लोंबकळी राहिंतात."

"लताबाई," खांबाआड अंधारात उभा असलेला नाना म्हणाला, "फाशी लेणारी बाई आकडे मोजस का?"

कोणी हसलं नाही. वच्छलाबाई तिथेच विटांवर बसून राहिली, सराव संपेपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून ती रोज पहाटे सुनेबरोबर येऊ लागली. शाल गुंडाळून ड्रमवर बसायची, ड्रम हवा असला की उठून विटांवर बसायची. त्याच आठवड्यात तिने ईश्वरची गणवेशाची खाकी पँट कमरेत चार बोटं आवळून शिवली. त्याआधी रत्ना साडीचा काचा मारून लटकायची. पँट हातात देताना वच्छलाबाई फक्त म्हणाली, "याले खिसा चांगला शेतस."

नानाने पंक्चरच्या दुकानातून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची रुंद पट्टी कापून आणली. ती पाइपाला बांधून तिच्या फासात गुडघा ठेवला की रबर अंगाचं थोडं वजन उचलतं. आधी रुंद पट्टी, मग अरुंद, मग त्याहून अरुंद. नऊ फेब्रुवारीला रत्नाने रबराशिवाय एकदा अंग उचललं. हनुवटी पाइपाच्या वर गेली. नाना म्हणाला, "एक." ती खाली उतरली आणि पदर नसलेल्या खांद्यावर सवयीने हात फिरवला. पुढच्या पंधरा दिवसांत तीन निघू लागले.

मार्चमध्ये मात्र आकडा तीनवरच थांबला. मग दोनवर आला. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं, असं तिने एकदाच सांगितलं, तेही विचारल्यावर. नानाने तिचा हात दाबून पाहिला.

"दुपारी बी घरी लटकस का तू?"

"हो."

"आणि संध्याकाळी?"

"हो."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मग कशाला?"

"बसून काय करू?" रत्ना म्हणाली.

नानाने तिचा हात सोडला. वच्छलाबाईने ड्रमवरून सांगितलं, "मनाजोडे बसीसन दाय निवड."

तसं ठरलं. आठवड्यातून तीनच दिवस सराव, उरलेले दिवस हाताला विश्रांती. त्या दिवसांत दुपारी मी जेवायला घरी जाताना दोघी ओट्यावर सुपात डाळ घेऊन बसलेल्या दिसायच्या. डाळ निवडून झाली की वच्छलाबाई तीच डाळ पुन्हा सुपात ओतायची. नानाने खाण्याचीही चौकशी केली. रत्ना दोन वेळेला एकेक भाकरी खात होती. त्यावर वच्छलाबाईने ज्वारीत उडीद टाकून कळण्याचं पीठ दळून आणलं आणि ताटाजवळ बसून दुसरी भाकरी संपेपर्यंत उठू दिलं नाही. कोपर दोन आठवड्यांत बरं झालं. एप्रिलच्या बारा तारखेला चार निघाले, अठराला पाच. पाचवा ओबडधोबड होता, पाय झाडत काढलेला, पण हनुवटी वर गेली.

"झालं," नाना म्हणाला. "आता मे महिन्यापर्यंत हे टिकव."

चाचणीची तारीख एकवीस मे लागली होती.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी जगदीश भडगावहून मोटारसायकलने आला. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात. पण घरात माणूस गेल्याचं पहिलं वर्ष असलं की त्याच्या नावाची घागर त्याच्याच घरी भरावी लागते. जगदीशला हे माहीत नव्हतं असं नाही. तो बहिणीला आखाजीपुरतं न्यायला आला नव्हता. मी शेजारी म्हणून चहाला बसलो होतो, उठायला निघालो तर त्याने मलाच साक्षीला धरलं.

"भाऊसाहेब, तुम्हीच सांगा हिला. आठ महिने झाले. बाईमाणसाने खांबावर चढायचं आणि उद्या काही झालं तर आम्ही कोणाला विचारायचं?"

"घागर उद्या आहे," रत्ना म्हणाली.

"घागर भर, मग चल. मी थांबतो."

"एकवीस तारखेला चाचणी आहे."

"आणि नाही झालीस पास?"

"मग बावीसला ये," रत्ना म्हणाली. "पिशवी भरून ठेवते."

वच्छलाबाई आतल्या दारात भाजायचे गहू पाखडत होती. तिचं सूप थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघींनी ईश्वरच्या नावाची मातीची घागर पुजली, वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवला. जगदीश जेवून गेला.

त्याच्या पुढच्या पहाटे वच्छलाबाई ड्रमवर बसली असताना बराच वेळ वर पाहत होती. पाइपाकडे नाही, सरावाच्या खांबाच्या टोकाकडे. रत्नाचे पाच निघाले. नानाने मान हलवली. तेव्हा वच्छलाबाईने विचारलं, "निंबा, हाऊ पाइप मुठीमा मावस. ती वरनी पट्टी कशी मावी?"

नानाने वर पाहिलं. पाइप सव्वा इंचाचा, गोल. बोटं त्याच्याभोवती पूर्ण वळतात. क्रॉस आर्म म्हणजे चार इंच रुंदीचं चॅनेल, वर सपाट आणि कडेला धार. ते मुठीत येत नाही. वरून पंजा टाकून बोटांच्या टोकांवर अंग पेलावं लागतं. पस्तीस वर्षं नाना त्या पट्टीला धरून चढला होता. त्याच्या हातांना ते आपोआप येत होतं, म्हणून डोक्यात कधी आलंच नाही. डिसेंबरात रत्ना का अडकली याचा अर्धा जबाब तिथे होता, आणि पाच महिने आम्ही सगळे पाइपाखाली उभे राहून आकडे मोजत होतो.

"चुकलं," नाना म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

भंगारात मोडक्या क्रॉस आर्म पडलेल्या होत्या. भंगाराची वस्तू लिलावाशिवाय हलवता येत नाही. मी एका कागदावर 'सरावासाठी, परत करण्याच्या बोलीवर' असं लिहून खाली सही केली आणि एक पट्टी बाहेर काढून दिली. नोकरीत असा कागद मी एकच केला. नानाने ती पाइपाच्या जागी बोल्टाने आवळली.

रत्ना लटकली. चार मोजेपर्यंत बोटं निसटली. पुन्हा लटकली, पुन्हा निसटली. अंग उचलायची गोष्टच नव्हती.

हातात पंचवीस दिवस होते. पुन्हा लटकण्यापासून सुरुवात झाली. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलली, तिथे हळद भरून चिंध्या बांधल्या, कातडी पुन्हा आली ती जाड आली. ड्रम पुन्हा खाली आला, दहा मोजून उतरणं पुन्हा चालू झालं. दंडातला जोर गेलेला नव्हता, फक्त बोटं त्याला पुरी पडत नव्हती. सहा मेला पट्टीवर एक निघाला. पंधराला दोन. एकोणीसला तीन, आणि नानाने सराव थांबवला.

"पाच पाहिजेत म्हणत होतात," रत्ना म्हणाली.

"म्हणत होतो."

"तीन आहेत."

"दिसतं मला," नाना म्हणाला. "दोन दिवस हात हलवू नको. पाणी बी सासूले भरू दे."

एकवीस तारखेला आम्ही चौघे पहाटेच्या गाडीने धुळ्याला गेलो. चाचणी सातला होती. आठ उमेदवार होते, त्यात बाई एकटी रत्ना. पण साहेब दुसऱ्या बैठकीतून आले तेव्हा साडेदहा झाले होते. मेमध्ये धुळ्याचं साडेदहाचं ऊन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पहिले तीन उमेदवार चढून उतरले. चौथा अर्ध्यातून खाली आला, तळवे फुंकत. पाचव्याने खांबाला हात लावला आणि मागे घेतला. हातमोजे घातले तर गर्डरवर पकड बसत नाही, त्यामुळे त्यांचा उपयोग नव्हता. मी साहेबांकडे जाऊन उद्याची सकाळ मागितली.

"आज चढले नाहीत तर गैरहजर लागेल," ते म्हणाले. "माझ्या हातात नाही." त्यांनाही ते बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं.

रत्नाचा नंबर सातवा. अकरा वाजून वीस मिनिटं. वच्छलाबाईने बाटलीतलं पाणी तिच्या हातांवर ओतलं. रत्नाने हात पँटीला पुसले, कमरेला दोर आणि पट्टा अडकवून घेतला आणि चढू लागली. या वेळी ती डिसेंबरपेक्षा हळू चढली. घाईत हात जास्त दाबावे लागतात, असं नानाने सांगितलं होतं. साडेचार मिनिटांनी पट्टीपाशी पोचली. पट्टीवर पंजे टाकले. पाय सुटले.

ती लोंबकळली. कोपरं वाकली. अंग वर यायला लागलं आणि डोळे पट्टीच्या रेषेत आल्यावर थांबलं. तिथे ती किती वेळ होती मला सांगता येणार नाही. माझं लक्ष साहेबांच्या हातातल्या घड्याळाकडे गेलं नाही. वच्छलाबाई हळू आवाजात मोजत होती. काय मोजत होती कोण जाणे, उतरण्याचे दहा असावेत, तिला तेच पाठ होते. सहावर हनुवटी वर गेली. आठवर छाती. मग एक कोपर पट्टीवर आलं, दुसरं आलं, कंबर आली. रत्नाने पट्टा खांबाभोवती घेतला, कडी अडकवली, हात वर केला.

"सहा चाळीस," साहेब म्हणाले आणि लिहिलं.

ती तशीच वर बसून राहिली. खाली या, असं दोनदा सांगावं लागलं.

उतरल्यावर नानाने तिचे हात धरून पालथे केले. दोन्ही तळव्यांची आणि बोटांची कातडी पांढरी पडून फुगली होती, उजव्या हाताची दोन ठिकाणी निघून आली होती.

"भाजलं ना, पोरी?"

"माहीत नाही," रत्ना म्हणाली. तिने तळव्यांकडे पाहिलं, मग वच्छलाबाईकडे. "पास झाले का?"

"झालीस."

दवाखान्यात दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या. येताना एसटीत वच्छलाबाईने तिचे हात आपल्या मांडीवर घेतले होते, घरापर्यंत.

मी संध्याकाळीच जगदीशला फोन करून निकाल कळवला. तो "बरं" म्हणाला आणि हातांना काय लावलं ते विचारलं.

चौथ्या दिवशी नेमणुकीचं पत्र आलं. जागा दहिवेलची. मी स्वीकृतीचा नमुना घेऊन त्यांच्याकडे गेलो तेव्हा दोघी जेवायला बसल्या होत्या. रत्नाच्या हातांच्या पट्ट्या निघायला अजून आठवडा होता. वच्छलाबाई भाकरी कुस्करून, त्यात डाळ कालवून तिला घास भरवत होती.

"सही नंतर करा," मी म्हटलं. "दहा दिवसांची मुदत आहे."

"दहिवेलले पाणी येस का भाऊसाहेब?" वच्छलाबाईने विचारलं.

"येतं. एक दिवसाआड."

"मंग दोन पिंप लेणं पडतीन."

तिने पुढचा घास उचलला. रत्नाने तो खाल्ला, सावकाश चावला.

"मीठ कमी शे, माय," ती म्हणाली.

वच्छलाबाईने कालवलेल्या भाकरीतला एक घास स्वतः खाऊन पाहिला आणि मीठ आणायला उठली.